ग्राफिक्स कार्डाचा भाव नेमका कशाशी ताडायचा?

दुकानात किंवा वेबसाइटवर कार्डाचा भाव बघण्याआधी घरच्या मशिनच्या चार गोष्टी कागदावर लिहून काढा: मॉनिटरचं रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो), प्रोसेसरचं पूर्ण नाव, मदरबोर्डचं मॉडेल आणि एसएमपीएसच्या (वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) लेबलवरचे आकडे. या माहितीशिवाय तीस हजारांच्या आणि चाळीस हजारांच्या कार्डाची तुलना करण्यात अर्थ नाही. महाग कार्ड सेकंदाला जास्त फ्रेम, म्हणजे चित्रं, काढतं हे खरं, पण त्या तुमच्या पडद्यापर्यंत पोहोचतील की नाही हे कार्डाच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं.

मॉनिटरपासून सुरुवात करू. १०८०पी पडद्यावर साधारण २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पी वर ३६.९ लाख आणि ४के वर ८२.९ लाख. म्हणजे १०८०पी वरून १४४०पी वर गेलात की कार्डाचं काम पावणेदोन पटींहून जास्त होतं आणि ४के ला थेट चौपट. घरात ६० हर्ट्झचा १०८०पी मॉनिटर असेल आणि तो बदलायचा नसेल, तर आरटीएक्स ५०७० च्या वरच्या कार्डांकडे बघण्यात पैसे वायाच जातात. अशा वेळी कार्डाचं बजेट थोडं कमी करून १४४ किंवा १८० हर्ट्झचा मॉनिटर घेतलेला बरा. फरक डोळ्यांना लगेच कळतो.

मग प्रोसेसर. जुनं कार्ड काढायच्या आधी एक साधी चाचणी करा. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, त्यातून पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर टक्क्यांत दिसेल असं करा आणि तुम्ही रोज खेळता तो गेम सुरू करा. वापर ९५ ते ९९ टक्के असेल तर कार्डच कमी पडतंय. वापर ६०-७० टक्क्यांवर घुटमळत असेल आणि फ्रेमवर कुठली मर्यादा लावलेली नसेल, तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची आहे. खात्रीसाठी रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. तरीही एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) वाढत नसेल तर नवं कार्ड टाकूनही वाढणार नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्यांच्या बाबतीत हे फार वेळा होतं, कारण हे गेम प्रोसेसरवरच जास्त रेटतात. ८ जीबीची एकच रॅम स्टिक असेल, तर आधी दुसरी टाकून रॅम ड्युअल चॅनलवर आणा आणि मग पुन्हा मोजा.

चिप आधी, खोकं नंतर

एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल चिप बनवतात. असुस, एमएसआय, गिगाबाइट, झोटॅक, सफायर वगैरे कंपन्या त्या चिपला पंखे आणि बोर्ड लावून कार्ड विकतात. खेळातला वेग जवळजवळ पूर्णपणे चिपवर ठरतो. एकाच चिपची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग आवृत्ती यांच्यात एफपीएसचा फरक साधारण दोन ते चार टक्क्यांचा असतो, भावातला फरक मात्र कधी कधी वीस टक्क्यांपर्यंत जातो. म्हणून आधी चिप ठरवा, मगच तिचे मॉडेल बघा. तीन पंखे, ओसी (कंपनीने थोडा वाढवलेला वेग) आणि रंगीत दिव्यांसाठी पाच हजार जास्त मोजणार असाल, तर तेवढ्यात वरची चिप येते का ते आधी तपासा.

सध्या मधल्या गटातल्या ज्या चिपवर नजर ठेवायची त्या अशा. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीचं कार्ड डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं. आरटीएक्स ५०६० मध्ये ८ जीबी असून त्याची जाहीर किंमत २९९ डॉलर होती. आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबीत २९९ आणि १६ जीबीत ३४९ डॉलरला जाहीर झालं. आरटीएक्स ५०६० टीआय ८ जीबीत ३७९ आणि १६ जीबीत ४२९ डॉलरला. त्यावर १२ जीबीचं आरटीएक्स ५०७० आणि १६ जीबीचं आरएक्स ९०७०, दोन्ही ५४९ डॉलरला. आरएक्स ९०७० एक्सटी ५९९ डॉलरला. एनव्हिडिया आणि एएमडीची ही सगळी कार्डं २०२५ च्या पहिल्या सहामाहीतली आहेत.

हे डॉलरचे आकडे पाठ करायची गरज नाही, पण फूटपट्टी म्हणून ते कामाला येतात. अमेरिकेतल्या जाहीर किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो, आणि आपल्याकडे ग्राफिक्स कार्डावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून जाहीर किंमत गुणिले त्या दिवसाचा डॉलरचा भाव गुणिले १.१८ असा हिशेब करा. डॉलर ८८ रुपये धरला तर ३४९ डॉलरच्या कार्डाचे सुमारे ३६,२०० रुपये होतात. आयातदार आणि दुकानदाराचा वाटा धरून याच्या दहा टक्के वरपर्यंतचा भाव ठीक म्हणता येईल. पंचवीस टक्के वर असेल तर थांबा किंवा शेजारची चिप बघा. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिप महागल्या आहेत. त्यामुळे जास्त जीबीच्या कार्डांचे भाव या हिशेबाच्या बाहेर जाऊ शकतात, आणि त्याला दुकानदार जबाबदार नसतो.

८ जीबीचा प्रश्न

या किमतीच्या गटात सगळ्यात जास्त चुकतं ते मेमरीच्या बाबतीत. ५०६० टीआयची ८ आणि १६ जीबीची दोन्ही कार्डं चिपने सारखीच आहेत. गेमचा सगळा माल ८ जीबीत मावतो तोवर दोघांचा एफपीएसही सारखाच. मावेनासा झाला की उरलेला डेटा कार्ड बसतं त्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून सिस्टिम रॅमकडे ये-जा करू लागतो, आणि तो रस्ता कार्डावरच्या मेमरीच्या मानाने फार अरुंद असतो. परिणाम दोन प्रकारे दिसतो. एकतर गेम झटके देत चालतो, किंवा झटके न देता भिंती आणि जमिनीचं टेक्स्चर पुसट राहतं. दुसऱ्या प्रकारात एफपीएसचा आकडा छान दिसतो, म्हणून फक्त सरासरीचा तक्ता बघणाऱ्याला काहीच कळत नाही.

त्यात स्लॉटची भर. आरटीएक्स ५०६०, ५०६० टीआय आणि आर्क बी५८० ही कार्डं स्लॉटच्या सोळापैकी आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरतात. पीसीआयई (या स्लॉटचं नाव) ४.० च्या बोर्डवर आठ लेनमधून सेकंदाला सुमारे १६ जीबी डेटा जातो, ३.० च्या बोर्डवर सुमारे ८ जीबी. बी४५०, ए३२०, एच४१० हे बोर्ड ३.० चे, आणि इंटेलच्या दहाव्या पिढीपर्यंतचे सगळे प्रोसेसरही ३.० चेच. आपल्याकडे एक फसगत फार होते: रायझन ५ ५६००जी. हा प्रोसेसर भारतात खूप खपला, कारण कार्डाशिवायही काम भागतं. पण तो बी५५० बोर्डवर बसवला तरी स्लॉट ३.० नेच चालतो. रायझन ५ ५५०० चंही तसंच. अशा मशिनमध्ये ८ जीबीचं आठ लेनचं कार्ड टाकलं की मेमरी भरल्यावर दुप्पट फटका बसतो. तिथे १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी जास्त शहाणपणाचं ठरतं, कारण ते पूर्ण सोळा लेन वापरतं.

मग ८ जीबी कुणी घ्यावं? फक्त ऑनलाइन स्पर्धेचे हलके गेम १०८०पी वर खेळणाऱ्याने. नवे मोठे गेम खेळायचे असतील आणि कार्ड चार वर्षं टिकवायचं असेल, तर १२ किंवा १६ जीबीसाठी चार-पाच हजार जास्त द्यायला आमची हरकत नाही. मेमरीच्या बाबतीत ‘थोडं वरचं घ्या’ हा नेहमी ऐकू येणारा सल्ला खरा आहे.

आर्क बी५८० स्वस्तात १२ जीबी देतं, पण त्याच्या दोन अटी आहेत. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रिसाइझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय, चालू हवा, नाहीतर वेग बराच पडतो. आणि प्रोसेसर जुना असेल तर याच्या ड्रायव्हरचा भार प्रोसेसरवर इतर कार्डांपेक्षा जास्त येतो. सहा-सात वर्षांपूर्वीच्या मशिनवर चढवायला हे कार्ड नाही.

सारखं नाव, वेगळं कार्ड

साइटवर भाव संशयास्पद कमी दिसला की जीबी आणि बसचा (चिप आणि मेमरीमधल्या रस्त्याच्या रुंदीचा) बिट आकडा वाचा. आरटीएक्स ३०५० या नावाने ८ जीबीचं १२८ बिटचं कार्ड येतं आणि ६ जीबीचं ९६ बिटचंही. दुसरं बरंच हळू आहे. मात्र ते ७० वॉटमध्ये, वेगळ्या वायरशिवाय चालतं, म्हणून ऑफिसच्या जुन्या मशिनसाठी कामाचं. आरटीएक्स ३०६० ची १२ जीबी १९२ बिट आणि ८ जीबी १२८ बिट अशी जोडी आहे. आरएक्स ५८० २०४८एसपी हे नावाने ५८० आणि आतून जवळजवळ ५७०. जीटी १०३० ची डीडीआर४ आवृत्ती जीडीडीआर५ पेक्षा खूपच मागे पडते. दुकानदार तोंडी “सेमच आहे” म्हणेल. बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून मागितला की तोच जरा विचार करून बोलतो.

एका फ्रेमचा भाव

आता तुलना. दोन-तीन विश्वासू परीक्षणांतून तुमच्या रिझोल्यूशनचे, तुमच्या प्रकारच्या आठ-दहा गेमचे आकडे घ्या. सरासरीबरोबर ‘१ टक्का लो’ (सगळ्यात हळू एक टक्का फ्रेमचा वेग) हाही आकडा टिपा. झटके त्यातच दिसतात. डीएलएसएस (एनव्हिडियाचं तंत्र) किंवा एफएसआरच्या (एएमडीचं) फ्रेम जनरेशनने फुगवलेले आकडे बाजूला ठेवा. मधल्या फ्रेम भरून काढल्या की हालचाल गुळगुळीत दिसते, पण माउसचा प्रतिसाद तेवढा वाढत नाही. मूळ एफपीएस ३० असेल तर पडद्यावर १२० दिसूनही हाताला जडच लागतं.

समजा अ कार्ड २८,००० रुपयांना असून सरासरी ७० एफपीएस देतं, आणि ब कार्ड ३६,००० ला ९६. अ मध्ये एक फ्रेम ४०० रुपयांना पडते, ब मध्ये ३७५ ला. ब स्वस्त. पण ब साठी ५,५०० रुपयांचा नवा एसएमपीएस लागणार असेल, तर खर्च ४१,५०० होतो आणि फ्रेम ४३२ ला पडते. मग अ स्वस्त. उलट, मशिन पूर्ण नवं बांधत असाल आणि बाकीच्या भागांना ६०,००० लागणार असतील, तर एकूण रकमेला भागा: अ सोबत फ्रेम १,२५७ रुपयांना आणि ब सोबत १,००० ला. नव्या मशिनमध्ये म्हणूनच वरचं कार्ड बहुधा परवडतं, आणि जुन्यात भर घालताना बहुधा परवडत नाही. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे आणि तो न करता केलेली घासाघीस फुकट.

भाव कुठे बघायचा

पीसीपार्टपिकरच्या भारतीय विभागात आणि पीसी प्राइस ट्रॅकरवर बऱ्याच भारतीय दुकानांचे भाव एकत्र दिसतात. अ‍ॅमेझॉनवरच्या भावाचा इतिहास कीपा या साइटवर मिळतो. सेलमधली ‘४० टक्के सूट’ ज्या एमआरपीवर मोजलेली असते, त्या भावाला ते कार्ड कधी विकलं गेलेलंच नसतं, हे तिथल्या आलेखात दिसतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोगा बाजार. तिथे जाण्याआधी तीन दुकानांना फोन करून स्टॉक आणि ‘जीएसटीसकट, पक्क्या बिलाचा’ भाव विचारा. ऑनलाइनचा भाव दाखवला की बहुतेक जण पाचशे-हजारांच्या फरकापर्यंत खाली येतात. त्याहून खाली येण्यासाठी कोणी विनाबिल द्यायला तयार झाला, तर नको म्हणा. वाचवलेल्या रकमेत तीन वर्षांची वॉरंटी गेली असं समजा.

वॉरंटीबद्दल तीन गोष्टी विचारून घ्या. वॉरंटी सिरियल नंबरवर चालते की बिलावर? तुमच्या शहरात संकलन केंद्र आहे का, की कार्ड मुंबई-दिल्लीला कुरियर करावं लागेल? कूलरच्या स्क्रूवरचं स्टिकर फाटलं तर चालतं का? परदेशातल्या नातेवाइकाकडून कार्ड मागवणाऱ्यांनी आणखी एक बघावं: अनेक ब्रँडची वॉरंटी खरेदीच्या देशापुरतीच असते.

‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाइतकी सूट आधी मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बँक लावतेच. दोन दुकानांच्या भावात चारशे रुपयांचा फरक असेल तर तो इथेच संपतो.

एसएमपीएस, यूपीएस, कॅबिनेट

एसएमपीएसवर ठळक लिहिलेला वॉटचा आकडा विसरा आणि लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर आहेत ते बघा. स्थानिक बनावटीच्या ‘४५० वॉट’च्या डब्यावर १८ अँपिअर लिहिलेलं असेल, तर १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॉट. खरी ताकद तेवढीच. आरटीएक्स ५०६० टीआय १८० वॉट घेतं, प्रोसेसर १२०, बाकी सगळं ७५. बेरीज ३७५. अचानक उसळणाऱ्या लोडसाठी वर किमान ४० टक्के जागा ठेवली की सव्वापाचशे होतात. एनव्हिडिया या कार्डासाठी ६०० सांगते. आरटीएक्स ५०६० ला ५५० आणि ५०७० ला ६५० वॉट पुरतात. ३०४ वॉटच्या आरएक्स ९०७० एक्सटीला ७५०.

वायरींचं गणित असं: स्लॉटमधून ७५ वॉट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. कार्डाला दोन ८ पिन लागत असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या वायरी आणा, एकाच वायरीला फुटलेली दोन टोकं लावू नका. प्रोसेसरची ८ पिन दिसायला तशीच असते, पण तिची जोडणी वेगळी असते. ती कार्डात दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. मॉड्युलर (सुट्या वायरींच्या) एसएमपीएसच्या वायरी एका कंपनीच्या दुसऱ्याला कधीच लावायच्या नाहीत, खाच बसली तरी आतली मांडणी वेगळी असते आणि पार्ट जळतात. १६ पिनचा नवा कनेक्टर पूर्ण आत जाईपर्यंत दाबा आणि तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत वायर वाकवू नका. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे कनेक्टर वितळले, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे मोठं कारण निघालं.

६०० व्हीएचा घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. गेम चालू असताना वीज गेली की तो पीं करून बंद पडतो. मधल्या गटातल्या मशिनला १,००० ते १,१०० व्हीए तरी हवा, आणि त्यावर मॉनिटर व सीपीयू सोडून काही लावू नका.

कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. कंपनीने दिलेली कमाल लांबी बहुधा पुढचा पंखा न धरता असते, म्हणून २५ मिलिमीटर वजा करा. पुढे रेडिएटर असेल तर आणखी साधारण ३०. अकोला, चंद्रपूर, नागपूरकडच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान दहा अंशांनी चढलं की कार्डाचंही जवळजवळ तेवढंच चढतं. तरी १५० वॉटपर्यंतच्या कार्डाला दोन पंखे पुरतात. बंद काचेचा पुढचा भाग असलेलं कॅबिनेट हा खरा दोषी, तिथे जाळीचं घ्या. तीन पंख्यांचा खर्च २२० वॉटच्या वर सार्थकी लागतो.

सेकंडहँड

इथे पैसे वाचतात, आणि बुडतातही. जीटीएक्स ९०० आणि १० मालिकेला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवलं, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतात. जीटीएक्स १६६० सुपरमध्ये रे ट्रेसिंगचं (प्रकाश-सावल्यांचा हिशेब करणारं) हार्डवेअर नाही, त्यामुळे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ त्यावर चालत नाही. असे गेम वाढत जाणार. म्हणून सेकंडहँडमध्ये १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० किंवा आरएक्स ६६०० पासून पुढे बघा. नव्या कार्डाच्या साठ टक्क्यांहून जास्त भाव देऊ नका. बिलासह वॉरंटी शिल्लक असेल तर सत्तरपर्यंत.

चालू मशिनवर बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडा. कार्डाचं बायोस बदलून जुनं कार्ड नव्याच्या नावाने विकलेलं असेल तर नावापुढे ‘फेक’ असं दिसतं. मग ओसीसीटी या सॉफ्टवेअरची व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) चाचणी दहा मिनिटं आणि एखादा जड गेम पंधरा मिनिटं. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपचा सगळ्यात तापलेला भाग) यांच्यात २५ अंशांहून जास्त फरक असेल तर चिपवरची पेस्ट वाळलेली आहे किंवा कूलर नीट बसलेला नाही. पडद्यावर ठिपके, चौकटी किंवा रंगीत रेषा दिसल्या तर मेमरी गेली, तिथून उठा. क्रिप्टो मायनिंगमध्ये वापरलेलं कार्ड म्हणून घाबरायचं कारण नाही. पंख्याची घरघर आणि कूलरखालच्या पॅडमधून झिरपलेलं तेल एवढं बघा. धुऊन चकचकीत केलेलं आणि पिनांवर गंजाची हिरवट झाक असलेलं कार्ड मात्र घेऊ नका.

बसवल्यावर

ऑनलाइन घेतलं असेल तर खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, त्यात खोक्यावरचा, कार्डावरचा आणि बिलावरचा सिरियल नंबर दिसू द्या. चिपची कंपनी बदलत असाल तर विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर काढून मग नवा टाका. मॉनिटरची वायर कार्डालाच लावा. मदरबोर्डच्या एचडीएमआयला लावून “नवं कार्ड जुन्यापेक्षा हळू आहे” अशी तक्रार घेऊन येणारे दुकानदाराला दर आठवड्याला भेटतात. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) आणि रिसाइझेबल बार चालू करा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट हाताने १४४ किंवा १८० करा, तो बऱ्याचदा ६० वरच राहिलेला असतो. कार्ड जड असेल तर खाली आधाराची टेकू लावा.

बदलून देण्याची मुदत बहुतेक ठिकाणी सात ते दहा दिवसांची असते, काही दुकानांत त्याहून कमी. त्या मुदतीत ओसीसीटी अर्धा तास, दोन जड गेम आणि सगळे डिस्प्ले पोर्ट तपासून घ्या. मुदतीनंतर दोष निघाला की दुकानदार सर्व्हिस सेंटरचा पत्ता देतो आणि कार्ड परत यायला आठवडे लागतात. खोकं आणि आतली अँटिस्टॅटिक पिशवी टाकून देऊ नका.